‘टेड’चा ट्रेलर पाहून कुणी लोळून हसतं, कुणी उठून जातं. असं का?

तुमचा प्रश्न असा आहे: मित्रमंडळींसमोर ‘टेड’ या चित्रपटाचा जुना ट्रेलर लावला, तर निम्मे हसून बेजार झाले, निम्म्यांनी नाकं मुरडली आणि एकजण तर उठूनच गेला. जेमतेम दोन-अडीच मिनिटांच्या तुकड्यावर इतक्या टोकाच्या प्रतिक्रिया का येतात, आणि त्यावरून चित्रपट बघायचा की नाही हे ठरवावं का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. हसणाऱ्याला आणि चिडणाऱ्याला बसलेला धक्का एकच असतो. लहानपणी ज्याला कुशीत घेऊन झोपायचं, ते मऊ अस्वल तोंड उघडतं आणि शिव्या हासडतं. ट्रेलरला हा धक्का देण्यापुरताच वेळ मिळतो. त्या अस्वलाचं त्याच्या माणसाशी नातं काय, हे कळायला चित्रपट लागतो. ज्यांना त्या नात्याचा सुगावा ट्रेलरमध्येच लागतो ते हसतात. ज्यांना लागत नाही त्यांच्या वाट्याला नुसत्या शिव्या येतात, मग त्यांनी उठून जाणं अगदी स्वाभाविक आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत तो २९ जून २०१२ ला लागला. दिग्दर्शक सेठ मॅकफार्लेन, आणि अस्वलाचा आवाजही त्याचाच. १९८५ च्या नाताळात बॉस्टनच्या एका उपनगरातला जॉन नावाचा मित्र नसलेला मुलगा आपलं टेडी जिवंत व्हावं असं मागणं मागतो आणि ते खरं होतं. तिथून गोष्ट एकदम पुढे येते. जॉन आता पस्तिशीचा झालाय, ही भूमिका मार्क वॉलबर्गची. अस्वल अजून त्याच्याच सोफ्यावर बसलेलं आहे. गांजा ओढतंय, बायकांच्या मागे लागतंय, तोंडाला लगाम नाही. जॉनची मैत्रीण लोरी, म्हणजे मिला कुनिस, हिला हे किती दिवस सहन करायचं हा प्रश्न पडलाय.

आता ट्रेलर नीट बघा. त्याची सुरुवात मुलांच्या चित्रपटासारखी होते. बर्फ, नाताळ, एकटा मुलगा, त्याची इच्छा. बघणारा सैलावतो, चेहऱ्यावर हसू येतं, आणि नेमक्या त्या क्षणी कात्री चालते. पुढच्या दृश्यात तेच अस्वल मोठं झालेलं असतं. आकाराने नाही, सवयींनी. एका कापात पंचवीसहून जास्त वर्षं उडवायची आणि गोडव्यावरून थेट वात्रटपणावर आणून आपटायचं, ही संकलकाची फार हुशार चाल आहे. पण ती जितकी हसवते तितकीच दुखावूही शकते. आधी तुमच्याकडून मायेची भावना काढून घेतलेली असते आणि मग तिच्यावरच घाव घातलेला असतो. उठून गेलेल्या तुमच्या मित्राला विनोद समजला नाही असं मुळीच समजू नका. त्याला तो नको इतका नेमका लागला असेल.

मला स्वतःला हसू कशाचं येतं तेही सांगते. अस्वल बोलतं याचं कुणालाच नवल नाही, ही या चित्रपटाची खरी कल्पना आहे. ते लहान असताना जगभर गाजलं, टीव्हीवर झळकलं आणि मग लोक विसरून गेले, जसे बालकलाकारांना विसरतात. आता ते सुपरमार्केटात नोकरी मागायला जातं, तेव्हा समोरचा साहेब ‘अरे, खेळणं बोलतंय’ असं म्हणत नाही, रीतसर मुलाखत घेतो. चमत्कार घडून गेला, त्याचं कौतुक ओसरलं आणि आता घरभाडं भरायचंय. शिव्या काढून टाकल्या तरी हा विनोद उरतो. ज्यांना ट्रेलरमध्ये हे दिसतं ते दुसऱ्यांदा बघतानाही हसतात. ज्यांना फक्त शिव्या ऐकू येतात त्यांना दुसऱ्या वेळी कंटाळा येतो. प्रतिक्रिया समजून घ्यायच्या तर पुन्हा एकदा लावून कोण हसतंय ते बघा, पहिल्या वेळेपेक्षा बरंच काही कळेल.

ट्रेलरमधला मेघगर्जनेचा प्रसंग आठवतोय? आभाळ गडगडतं, घाबरलेलं अस्वल पळत येऊन जॉनच्या पांघरुणात शिरतं, आणि दोघं लहानपणापासून पाठ असलेलं गडगडाटाला शिव्या घालणारं गाणं मोठ्या श्रद्धेने म्हणतात. गाणं कमालीचं अचकट-विचकट आहे. पण पस्तिशीचा पुरुष आणि त्याचं खेळणं, दोघंही खरोखर घाबरलेत आणि एकमेकांना धीर देतायत. अख्खा चित्रपट त्या एका पलंगावर आहे: जिव्हाळाही आणि वाढ खुंटलेलं आयुष्यही. लोरी तिथेच असते, आणि तिची अडचणही त्याच दृश्यात कळते. मला विचाराल तर संपूर्ण ट्रेलरमध्ये तेवढीच जागा आहे जिथे धक्क्यामागचं नातं दिसतं.

काहींची प्रतिक्रिया मात्र अस्वलाला नसतेच, ती आवाजाला असते. मॅकफार्लेनची ‘फॅमिली गाय’ ही कार्टून मालिका १९९९ पासून अमेरिकी टीव्हीवर आहे, आणि तिच्यातला बाप पीटर ग्रिफिन बोलतो तो आवाज आणि टेडचा आवाज सख्खे भाऊ वाटतात. ‘हा तर पीटर’ असं म्हणून ज्यांचा चेहरा खुलतो ते आधीपासूनचे चाहते, आणि तेच वाक्य ज्यांच्या तोंडून वैतागून निघतं ते मालिकेला कंटाळलेले. चित्रपटातसुद्धा टेड एका ठिकाणी म्हणतो की माझा आवाज काही पीटर ग्रिफिनसारखा नाही, म्हणजे करणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. या प्रतिक्रियेवरून चित्रपटाचा अंदाज बांधू नका, तो हिशेब जुना आहे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: ‘विनोद एकच आहे, तो ट्रेलरमध्ये दाखवून झाला, आता पावणेदोन तास काय बघायचं?’ हा आक्षेप मी फार गांभीर्याने घेते, कारण या जातीच्या चित्रपटांची हीच कसोटी असते. धक्का एकदाच बसतो. दुसरी शिवी पहिलीपेक्षा मोठी हवी, तिसरी त्याहून मोठी, आणि लवकरच वरची पायरी उरत नाही. २०१८ चा ‘द हॅपीटाइम मर्डर्स’ बघा. कापडी बाहुल्यांचं जग, त्यात खून, ड्रग्ज, कामवासना, सोबतीला मेलिसा मॅकार्थीसारखी दमदार विनोदी अभिनेत्री. दिग्दर्शक ब्रायन हेन्सन, म्हणजे ‘मपेट्स’ या प्रसिद्ध बाहुल्या घडवणाऱ्या जिम हेन्सनचा मुलगा, त्यामुळे बाहुल्यांच्या कारागिरीत काही कमी नव्हतं. ट्रेलरने खळबळही उडवली. त्यातल्या जाहिरातीच्या ओळीत ‘सेसमी स्ट्रीट’चं नाव खेळवलं होतं, म्हणून त्या मुलांच्या कार्यक्रमाची संस्था सेसमी वर्कशॉप मे २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेली. न्यायाधीशांनी ती ओळ थांबवायला नकार दिला. एवढी फुकटची प्रसिद्धी मिळूनही सुमारे ४ कोटी डॉलर खर्चाच्या त्या चित्रपटाने जगभरात ३ कोटीसुद्धा कमावले नाहीत. धक्का होता, पण तो ओसरल्यावर कुणाची काळजी वाटावी असं पडद्यावर कुणी नव्हतं.

‘टेड’ने मात्र साधारण ५ कोटी डॉलरच्या खर्चावर जगभरात जवळपास ५५ कोटी मिळवले. जपानमध्ये तो जानेवारी २०१३ मध्ये लागला आणि जोरात चालला. बॉस्टनच्या बोलीतले टोमणे आणि अमेरिकी टीव्हीचे संदर्भ तिथे कितीसे पोचणार? पण बावळट मित्राला न सोडणारं अस्वल पोचतं. मग २०१५ मध्ये दुसरा भाग आला. अस्वलाला कायद्याने ‘व्यक्ती’ मानायचं की ‘वस्तू’ अशी त्याची कथा होती. कल्पना वाईट नव्हती, पण कमाई २१ कोटींच्या आसपास राहिली. मला त्याचं कारण सरळ दिसतं. दुसऱ्या भागाचा ट्रेलर बघताना अस्वल शिव्या देतं हे सगळ्यांना माहीतच होतं, आणि जॉन–टेड–लोरी हा ताण गेला होता, कारण लोरी कथेतच नव्हती.

पालकांची नाराजी मात्र मला पूर्णपणे पटते. पोस्टरवर गोंडस टेडी आणि आत हे सगळं. अमेरिकेत चित्रपटाला आर श्रेणी मिळाली, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलासोबत मोठं माणूस हवं. कारणांत असभ्य आणि लैंगिक मजकूर, सतत शिवराळ भाषा आणि अमली पदार्थ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ट्रेलरचेही तिथे दोन प्रकार असतात. सुरुवातीला हिरवी पाटी आली तर तो सर्वसाधारण प्रेक्षकांसमोर चालेल असा, छाटलेला. लाल पाटी असेल तर फक्त प्रौढांसाठी, त्यात भाषा आहे तशी. तुम्ही मित्रांना यातला कोणता दाखवलात यावरही बरंच अवलंबून आहे. लाल पाटीच्या ट्रेलरमध्ये शिव्या इतक्या दाटीने येतात की मधलं काही ऐकू येत नाही. हिरव्यात वाक्य नेमक्या शब्दावर तोडतात, उरलेलं बघणारा मनात पूर्ण करतो, आणि गंमत म्हणजे हसू तिथे जास्त येतं.

पण पाट्यांची व्यवस्था माणसं चालवतात. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका थिएटरात ‘फाइंडिंग डोरी’ बघायला आलेल्या लहान मुलांसमोर ‘सॉसेज पार्टी’ या प्रौढांच्या अॅनिमेशनपटाचा ट्रेलर चुकून लागला होता. रंगीत, बोलणारे, गोंडस चेहरे, मग एकदम शिव्या आणि रक्तपात. थिएटरला माफी मागावी लागली. त्या पालकांना विनोदबुद्धी नव्हती असं कोण म्हणेल? त्यांच्या शेजारी पाच वर्षांचं मूल बसलं होतं. कोण शेजारी बसलंय यावर आपण हसायचं की नाही हे ठरतं, आणि ते तसंच ठरावं असं मला वाटतं. तुमच्या बैठकीत कुणाची आई किंवा धाकटा भाऊ होता का? असेल तर निम्म्या नाकं मुरडण्याचं कारण तिथेच सापडेल.

आणखी एक गट आहे, त्याला ‘सोवळे’ म्हणून उडवून लावू नये. या चित्रपटात वंश, समलिंगी माणसं आणि बायका यांच्यावरचे काही टोमणे निव्वळ आळशी आहेत. अस्वलाच्या तोंडी घातलं म्हणजे ते निरुपद्रवी होतात, हा युक्तिवाद मला पटत नाही. खेळणं बोललं तरी वाक्य माणसाने लिहिलेलं असतं. मला चित्रपट आवडतो आणि हे विनोद आवडत नाहीत.

उलट दिशेने एक गोष्ट नक्की सांगायला हवी, कारण ट्रेलर बघताना ती लक्षात येत नाही. चित्रीकरणाच्या वेळी मॅकफार्लेन हालचाली टिपणारा सूट घालून सेटवरच अस्वलाचे संवाद म्हणत होता, नंतर एकट्याने ध्वनिमुद्रण करून चिकटवलेले नाहीत. त्यामुळे वॉलबर्ग समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून बोलत असला तरी त्याला उत्तर खरं मिळत होतं, खऱ्या वेळेला. दोघं एकमेकांचं वाक्य तोडतात, अडखळतात, एकावर एक बोलतात. टेडच्या मैत्रिणीचं नाव ओळखण्यासाठी जॉन धडाधड मुलींची नावं घेत सुटतो, त्या प्रसंगात शिव्या आहेत, पण हसू त्यांच्यामुळे येत नाही. वेग आणि दोन मित्रांची लय एवढ्यावर तो उभा आहे. हॉटेलच्या खोलीतल्या मारामारीत वॉलबर्ग प्रत्यक्षात हवेशी झुंजतोय, तरी मार लागल्याचं आपल्याला जाणवतं. पात्र अस्सल वाटलं नसतं तर शिवीने कुणी दचकलंही नसतं आणि हसलंही नसतं.

तेव्हा ट्रेलरवरून ठरवायचंच असेल तर किती हसलात हे मोजू नका. दोन मिनिटं कोणीही हसवू शकतो. त्या मेघगर्जनेच्या प्रसंगात जॉन आणि टेड तुम्हाला आवडले का, एवढंच स्वतःला विचारा. आवडले असतील तर भाषा सोसून चित्रपट बघा, मात्र मुलं झोपल्यावर. आवडले नसतील तर पुढेही आवडणार नाहीत, कारण चित्रपट शेवटपर्यंत त्या दोघांचाच आहे. आणि जो मित्र उठून गेला त्याला पुन्हा बसवायचा आग्रह करू नका. त्याला हवं असेल तर नावं ओळखण्याचा तेवढा प्रसंग दाखवा, तो त्याला चालेल असं मला वाटतं.