धोंडू या नावाचा अर्थ काय? हे नाव आता कोणी ठेवतं का?

तुम्ही प्रश्नातच विचारलंय की आईबापांना मूल नकोसं असेल म्हणून असलं नाव ठेवत असतील का, तेवढं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या वडिलांचं नाव धोंडू.

धोंडा म्हणजे दगड, अर्थ एवढाच. पण नकोसं वगैरे काही नाही, सगळं उलट आहे. आजीची आधीची तीन मुलं गेली, त्यातलं एक तर बारशाआधीच. चौथ्या खेपेला वडील झाले तेव्हा त्यांना उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारच्या म्हातारीने उचलून आणलं आणि आजीने तिला पसाभर कोंडा देऊन स्वतःचंच पोर विकत घेतलं, म्हणजे हे आमचं नाहीच, काळाने इकडे बघू नये. पाच वर्षं नवं अंगडं नाही, पाच घरचे जुने कपडे मागून घालायचे. आणि नाव धोंडू, दगडाला कोण नजर लावणार! दगडू, केरू, कचरू, भिकाजी, विदर्भातले उकंडराव, सगळी त्याच भीतीतून आलेली नावं. बायकांत दगडाबाई, धोंडाबाई.

नकोशीची गोष्ट वेगळी. मुलगा हवा होता म्हणून ठेवलेलं नाव ते, सातारा जिल्ह्यात २०११ ला अशा २८५ मुलींची नावं बदलली ते बरोबरच केलं. पण दोन्ही एका पंगतीत बसवू नका.

कॉलेजात हजेरीला माझं पूर्ण नाव घेतलं की मागच्या बाकावर हसायचे. तेव्हा मला लाज वाटायची, ती कधीच गेली. माझ्या धाकट्या भावाची मात्र अजून गेली नाही. पोराच्या लग्नपत्रिकेत त्याने आजोबांचं नाव छापलं 'कै. डी. आर.', का तर सासरकडची मंडळी शहरातली आहेत. अरे, डी. आर. कोण? आजीने कोंडा देऊन वाचवला तो धोंडू होता. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो केशवच होतं ना, १९१६ ला बायकांसाठी विद्यापीठ काढलं, १९५८ ला भारतरत्न मिळालं, त्यांना कुठे डी. के. व्हावं लागलं? १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवेसुद्धा धोंडोपंतच.

आता कोणी ठेवतं का, तर माझ्या पाहण्यात साठीच्या आतला एकही धोंडू नाही. पोरं जगायला लागली, नाव मागे पडलं, आणि ते चांगलंच झालं, मी पण माझ्या मुलांची ठेवली नाहीत.

हां, एक राहिलं, प्रत्येक धोंडूमागे गेलेली भावंडं असतीलच असं नाही. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, त्यात जन्मला म्हणून धोंडू झालेला एक आमच्याच गावात होता. आणि धुंडिराज हे गणपतीचं नाव, त्याच्याशी गल्लत करू नका.

तुमच्या घरात कोणी धोंडू असेल आणि गॅझेटमध्ये नाव बदलायचं चाललं असेल तर आधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, त्याच्या आधीची किती गेली. मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न आहे, पत्रिकेत आजोळच्या रकान्यात 'कै. धोंडू रामा' असं पूर्ण येणार, भावाला आत्ताच सांगून ठेवलंय.