डॉक्टर संगणकावर औषधं लिहितात, मग आईच्या सगळ्या गोळ्या सांगायची गरज आहे का?

तुम्ही विचारलंय की आईच्या हृदयात धातूची झडप आहे, रक्त पातळ ठेवायला रोज वॉरफेरिन चालू आहे आणि दवाखान्यात सगळं संगणकावर असतं. मग एकमेकांशी न जमणारी औषधं तो पकडेलच ना?

नेहमी नाही. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे, गेली नऊ वर्षं ओपीडीत संगणकावरच लिहितो.

चार वर्षांपूर्वी एक मावशी आल्या. दंडावर निळे-काळे डाग, चूळ भरली की पाणी गुलाबी. झडप तुमच्या आईसारखीच. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा; तो 2.5 ते 3.5 हवा, निघाला 8.2. दाढ दुखली म्हणून दुसरीकडे पाच दिवस मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक मिळालं होतं. वॉरफेरिन मोडणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमलाच हे औषध अडवतं, त्यामुळे रोजचीच गोळी अंगात साठत जाते. तिकडे मावशींनी ‘हार्टची गोळी चालू आहे’ एवढंच सांगितलं होतं आणि दातांची चिठ्ठी पिशवीत राहिली. माझ्या संगणकाला ती दिसणार कशी? मोठ्या रुग्णालयात पाठवलं, आठवड्याभरात बऱ्या झाल्या.

पण माहिती संगणकात असूनही चूक होते, हेही सांगायला हवं. आमचं सॉफ्टवेअर नवं होतं तेव्हा लोहाच्या गोळीबरोबर अँटासिड अशा किरकोळ जोडीलाही इशाऱ्याची लाल चौकट यायची आणि वॉरफेरिनबरोबर फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं औषध, अशा धोकादायक जोडीलाही तीच. बाहेर साठ पेशंट बसलेले. दोन महिन्यांत माझं बोट न वाचताच ‘ओके’वर जायला लागलं. अशाच एका दिवशी वॉरफेरिनवरच्या पेशंटला मी फ्लुकोनॅझोल लिहिलं, प्रिंटही दिलं. केमिस्टने फोन करून विचारलं म्हणून ते थांबलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे फक्त माझ्याच टेबलावर घडतं असं नाही. बोस्टनच्या ओपीडींमधल्या 2003 च्या एका अभ्यासात औषधांच्या टकरीचे गंभीर म्हणून आलेले इशारेसुद्धा डॉक्टरांनी 89 टक्के वेळा ओलांडले होते. त्याच शहरात पुढे दुसऱ्या एका गटाने निवड केली. मोजक्या धोकादायक जोड्यांनाच काम थांबवायची मुभा, बाकीचे इशारे नुसते बाजूला दिसायचे. 2006 साली छापलेल्या निकालात थांबवणारे इशारे 67 टक्के वेळा पाळले गेले होते.

मग औषध लिहूच द्यायचं नाही, असं का नाही करत? फिलाडेल्फियाच्या दोन रुग्णालयांत वॉरफेरिन आणि कोट्रायमॉक्साझोल (एक अँटिबायोटिक) या जोडीसाठी जवळजवळ तसंच करून पाहिलं. इशारा मानून औषध मागे घेण्याचं प्रमाण 57 टक्क्यांवर गेलं, नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या गटात ते 13.5 टक्के होतं. पण चार रुग्णांना गरजेचं औषध मिळायला उशीर झाला आणि प्रयोग मध्येच थांबवला गेला. म्हणून माझ्या मते इशारे थोडे असावेत, औषध निवडतानाच यावेत (पेशंटला समजावून प्रिंट काढल्यावर काय उपयोग?) आणि त्याऐवजी काय देता येईल तेही त्यात असावं. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आम्ही ब्रँडच्या नावाने लिहितो आणि एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. सॉफ्टवेअरला ती सुटी करून ओळखता आली नाहीत तर इशारा येतच नाही.

मी सॉफ्टवेअरवाल्याला घेऊन बसलो आणि वीसेक जोड्याच लाल ठेवल्या. वॉरफेरिन आणि मेट्रोनिडॅझोल, मेथोट्रेक्सेट आणि कोट्रायमॉक्साझोल, नायट्रेट आणि सिल्डेनाफिल, सिमव्हास्टॅटिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, अशा. आता लाल दिसलं की हात थांबतो.

तुमच्या आईसाठी एवढं करा. ‘वॉरफेरिन’ हे नाव, मात्रा आणि शेवटचा आयएनआर एका कागदावर लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवा. दातांचे, डोळ्यांचे, कोणतेही डॉक्टर असोत, सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर काढून दाखवा. केमिस्टकडून आणलेल्या आणि आयुर्वेदिकही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी मनाने देऊ नका. अँटिबायोटिक किंवा बुरशीचं औषध सुरू झालं तर हृदयाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून आयएनआर कधी करायचा ते विचारा. आणि घाबरून वॉरफेरिन आपणहून बंद करू नका, झडपेवर गुठळी होऊ शकते.