माळ्यावरचं खाली, खालचं घराबाहेर

प्रश्न : ताई, आमचं घर सांगलीत गावभागात आहे. खाली सोपा, स्वयंपाकघर आणि एक खोली, वर माडी. २०१९ च्या पुरात खालचं बहुतेक सगळं गेलं. तेव्हापासून घर पुन्हा इतकं भरलंय की पाय ठेवायला जागा नाही. माडीचं तर दारही पूर्ण उघडत नाही. सासूबाई एक वाटीसुद्धा घराबाहेर जाऊ देत नाहीत. मिस्टर म्हणतात, ‘एका रविवारी सगळं काढू’, पण तो रविवार काही उजाडत नाही. मी नोकरी करते. संध्याकाळी फार तर अर्धा तास हाताशी असतो. घट बसायच्या आधी घर मोकळं करायचंय. झटपट जमेल असं काही सांगा.
— एक भगिनी, गावभाग, सांगली

उत्तर : तुमचा अर्धा तास पुरतो. तो रविवार उजाडला नाही तेही बरंच झालं. अख्खं घर एका दिवशी बाहेर काढलं की दुपारपर्यंत माणसं थकतात, मध्येच कुणीतरी पाहुणा येतो आणि दिवेलागणीला तोच ढीग घाईघाईनं परत आत कोंबला जातो. वर घरात दोन भांडणं होतात ती वेगळीच. म्हणून एका वेळी एकच जागा घ्या : एक खण, एक फळी, एक पेटी. अर्ध्या तासात परत लावून होईल तेवढंच खाली काढायचं.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा, कारण तिथल्या सामानात कुणाचा जीव फारसा अडकलेला नसतो. पहिल्या दिवशी फक्त प्लास्टिकचे डबे. ओट्याखालचे, फळीवरचे, फ्रीजच्या डोक्यावरचे, सगळे जमिनीवर मांडा आणि प्रत्येकाला त्याचं टोपण लावून बघा. श्रीखंडाचे, गुलाबजामचे, हॉटेलातून भाजी आलेले पातळ डबे निघतील. टोपण नसलेला डबा आणि डबा नसलेलं टोपण, दोन्ही सरळ भंगाराच्या पोत्यात. हळदीनं पिवळे पडून चिकट झालेले आणि लोणच्याचा वास धरून बसलेलेही त्यातच. उरलेल्यांतले एकात एक बसणारे ठेवले की निम्मी फळी रिकामी होते. हे काम सासूबाईंना शेजारी बसवून करा. टोपणं जुळवायला त्यांना आवडेल, आणि घरातून काहीतरी गेलं तरी कुणाचं काही बिघडत नाही हे त्यांच्या डोळ्यांदेखत होईल.

दुसऱ्या दिवशी औषधं. तारीख उलटलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीनं कापा, म्हणजे त्या कुणाच्या हाती लागून परत वापरात येणार नाहीत. सिरप बेसिनमध्ये ओतू नका, ते पाण्यात जातं. घनकचऱ्याच्या नियमांत मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे, बॅटरीचे सेल, सीएफएल दिवे हा कचरा वेगळा ठेवायचा असतो. ते ओल्या-सुक्यात न मिसळता कागदात वेगळं बांधून, वर तसं लिहून घंटागाडीवाल्याला सांगून द्यायचं.

आता सासूबाई. गावभागातल्या त्यांच्या वयाच्या बायकांनी २००५, २०१९, २०२१ असे तीन पूर पाहिलेत. पाणी ओसरल्यावर प्रत्येक दारासमोर चिखलानं माखलेल्या गाद्या, फुगलेली प्लायवूडची कपाटं, पुस्तकांचा लगदा असा ढीग पडलेला त्यांनी पाहिला. आपला संसार महापालिकेच्या डंपरमध्ये जाताना ज्यांनी पाहिला, त्यांच्या हातून वाटी सुटत नाही यात नवल नाही. त्यामुळे ‘टाकू का?’ हा प्रश्न त्यांना विचारूच नका. ‘हे कुणाला देऊ?’ असं विचारा. टाकायला नाही म्हणणारी बाई द्यायला बहुधा नाही म्हणत नाही. कामवाल्या मावशींची लेक नवा संसार मांडतेय, तिला स्टीलची सहा ताटं हवीत, असं नाव-गाव सांगितलं की त्या स्वतः उठून ताटं पुसून देतील. आणि पहिले चार दिवस त्यांच्या वस्तूंना हातच लावू नका. आधी तुमची, मिस्टरांची, मुलांची कपाटं होऊ द्या.

माझा खरा मुद्दा तुमच्या माडीचा आहे, तो जरा सविस्तर मांडते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे सांगलीत पोराटोरांना पाठ असतं. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. अशा गावात माडी आणि माळा ही अडगळीची जागा धरता येत नाही. पाणी आल्यावर तीच एक कोरडी जागा उरते. ती जर मोडका पंखा, जुना पाळणा, रिकामी खोकी आणि बंद पडलेला मिक्सर यांनी भरलेली असेल, तर गहू-तांदूळ, गादी, सिलिंडर, मुलांची दप्तरं ठेवणार कुठे? म्हणून मी तुम्हाला स्वयंपाकघरानंतर थेट माडीवर जायला सांगते. तिथली निम्मी जमीन रिकामी झाली पाहिजे आणि पुढेही रिकामीच राहिली पाहिजे. प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारायचं : पाणी चाळीस फुटांवर आलंय, तासाभरात सामान वर न्यायचंय, तर मी ही वस्तू उचलेन का? जी उचलणार नाही, ती आज वर कशाला ठेवायची?

खाली काय ठेवायचं हेही पाण्याकडे बघून ठरवा. तांब्या-पितळेची भांडी, पाटा-वरवंटा, जातं, खलबत्ता यांना पूर काही करत नाही, धुतलं की झालं. ती खुशाल खाली राहू द्या. प्लायवूड, कापसाच्या गाद्या आणि कागद मात्र पाण्यात टिकत नाहीत. त्यामुळे खालच्या खोलीसाठी नवा पलंग घेणार असाल तर लोखंडी घ्या, तोही बिनपेटीचा. पलंगात पेटी असली की ती भरतेच, आणि पूर आला की सगळ्यात आधी तीच बुडते.

पितळेबद्दल एक विनंती. बंब, घंगाळं, मोठी पातेली वापरात नसतील आणि मोडीत द्यायची ठरली, तर आधी काठावर कोरलेलं नाव वाचा. कुणाच्या लग्नात कुणी दिलं, कोणत्या साली, हे त्यावर घातलेलं असतं. सासूबाईंच्या माहेरची अक्षरं असलेलं एक भांडं रोजच्या वापरात आणा. पाणी भरायला घ्या किंवा कडधान्य ठेवा. बाकीच्यांचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. मोडीचे पैसेही त्यांच्याच हातात द्यायचे.

कागदांसाठी एक अर्धा तास पूर्ण राखून ठेवा. घट्ट झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा घ्या, आत जाड पिशवी, आणि त्यात फक्त अस्सल कागद : खरेदीखत, रेशनकार्ड, जन्माचे, लग्नाचे व जातीचे दाखले, शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं, चालू विमा पॉलिसी, पासपोर्ट. हा डबा माडीवर, हाताला लगेच येईल असा. सातबारा, मालमत्ता पत्रक यांचे उतारे डिजिटल सहीचे ऑनलाइन मिळतात, त्यामुळे त्यांच्या जुन्या झेरॉक्स साठवायची गरज नाही. आधार, लायसन्स, दहावी-बारावीची गुणपत्रकं डिजिलॉकरमध्ये घेऊन ठेवा. भरलेली जुनी वीजबिलं, मेलेल्या टीव्हीचं वॉरंटी कार्ड, मुदत संपून पैसे मिळालेल्या पॉलिसीची पाकिटं रद्दीत गेली तर काही अडत नाही. आयकराचे कागद मी आठ वर्षं ठेवायला सांगते. खाते क्रमांक, पॅन असलेले कागद फाडूनच द्या.

राहिलं संक्रांतीचं वाण आणि ओटीचे खण. वाणाच्या प्लास्टिकच्या डब्या-गाळण्या नव्याकोऱ्या असतील तर आजच वाटून टाका, पुढच्या संक्रांतीची वाट पाहू नका. खणांच्या उश्यांच्या खोळी किंवा भाजीच्या पिशव्या शिवून होतात.

अंथरूण-पांघरुणं तुम्ही घटाआधी धुवालच. धुवून वाळल्यावर माणशी दोन आणि पाहुण्यांची चार एवढीच परत आत जाऊ द्या.

प्रश्न : आई जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या साड्यांच्या दोन ट्रंका माझ्याकडे तासगावला आहेत. उघडल्या की तिचा वास येतो, मग पुन्हा बंद करते. घर लहान आहे, यजमान काही बोलत नाहीत पण त्यांना अडचण होते हे कळतं. काय करू?
— तासगाव

उत्तर : ताई, इथं घाई नको. तरी दीड वर्षानंतर त्या ट्रंका उघडायला हरकत नाही, आणि तुम्ही एकटीनं उघडू नका. बहीण, वहिनी, मावशी यांना एका दुपारी बोलवा. प्रत्येकीनं एक-एक साडी नेसायला न्यायची, ठेवायला म्हणून न्यायची नाही, एवढं आधी बोलून घ्या. आईची साडी लग्नाकार्यात कुणाच्या तरी अंगावर दिसली की तुम्हालाच बरं वाटेल.

जरीच्या साड्या ट्रंकेत बंद ठेवू नका. मलमलच्या किंवा जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवा आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर घडीवरच चिरतात. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका.

सुती लुगडी आणि साड्यांची वाकळ शिवून घ्या. आपल्याकडे अजून खेडोपाडी हातानं वाकळ शिवणाऱ्या बायका आहेत, तासगावात चौकशी केलीत तर नक्की मिळतील. वर आणि खाली आईच्या साड्या, आत जुनी धोतरं, विरलेल्या चादरी, आणि सगळ्यावरून धावदोऱ्याचे टाके. वरच्या साडीचा काठ वाकळेच्या कडेला लावायला सांगा. कोणती साडी वर हवी, कोणती खाली, ते तुम्ही स्वतः निवडून द्या. मजुरी घासाघीस न करता द्या, एका वाकळेमागे कित्येक दिवसांचं बसणं असतं. सिंथेटिक साड्या वाकळेला घेऊ नका. त्या घाम शोषत नाहीत आणि अंगावरून सरकतात. त्या चांगल्या स्थितीत असतील तर धुऊन, इस्त्री करून गरजू बाईला द्या. फाटक्या देऊ नका, आईच्या नावानं तर नकोच.

ट्रंका रिकाम्या झाल्या की एक विका. दुसरीत हवं तर वाकळा ठेवा.

प्रश्न : पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही, चार बंद मोबाइल आणि चार्जरांचा गुंता घरात पडून आहे. भंगारवाला टीव्ही न्यायला तयार आहे. द्यावा का?
— कुपवाड

उत्तर : त्याला देऊ नका. तांब्यासाठी तो ट्यूब फोडतो आणि त्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच पोहोचायला हवा. टीव्हीच्या कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून जवळचं संकलन केंद्र विचारा. मोबाइल देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा, चालू होत असेल तर आतलं सगळं पुसा. बॅटरी फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. चार्जर एकेक लावून पाहा. चालतो त्यावर कशाचा आहे ते चिकटपट्टीवर लिहा, न चालणारा टीव्ही-मोबाइलसोबत संकलन केंद्रात द्यायला वेगळा ठेवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. सत्कारात मिळालेल्या शाली, स्मृतिचिन्हं आणि तीसेक वर्षांचे दिवाळी अंक यांनी एक खोली अडली आहे. अंक रद्दीत द्यायला मन होत नाही. वाचनालयाला द्यावेत काय?
— मिरज

उत्तर : सर, शालींचा निर्णय सोपा आहे. थंडी सुरू व्हायच्या आत त्या रात्री उघड्यावर झोपणाऱ्यांच्या अंगावर गेल्या पाहिजेत. मिरज जंक्शनच्या आसपास एक चक्कर मारलीत तरी घेणारे हात दिसतील. स्मृतिचिन्हांतली तुमच्या पहिल्या शाळेनं दिलेली आणि विद्यार्थ्यांनी स्वतः आणून दिलेली ठेवा. बाकीच्यांवरची नावाची पट्टी उचकटून काढा, वहीत चिकटवा आणि लाकूड-काच मोकळी करा.

अंकांचं मात्र पोतं भरून कुणाच्याही दारात नेऊन ठेवू नका. २०१९ च्या पुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं गेली, तेव्हा पुस्तकं देणारे अनेक पुढे आले ही मोठी गोष्ट होती. पण कोणत्याही वाचनालयाकडे जागा आणि माणसं मोजकीच असतात. आधी यादी करा : अंकाचं नाव, वर्ष, स्थिती. ती यादी ग्रंथपालांना दाखवा आणि त्यांना जे हवं तेवढंच द्या. वाळवी लागलेला किंवा बुरशी धरलेला अंक कुठेही पाठवू नका, तो शेजारच्या चांगल्या पुस्तकांना लागतो. उरलेल्यांत तुम्हाला आवडलेली एखादी कथा, एखादा लेख असेल तर तेवढी पानं कापून फाइल करा. यादी करायला शेजारचा एखादा वाचणारा मुलगा सोबत घ्या आणि त्याला हवे ते चार अंक आधी निवडू द्या.