ऑफिसहून ठाण्याला पोचेपर्यंत आठ वाजतात. कमी तेलातली भरली वांगी रोजच्या जेवणाला जमतील का?

जमतात, साधारण अर्ध्या तासात आणि दोन चमचे तेलात, पण सारण आदल्या रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवा. आमच्या घरीही उशीर होतो, तेव्हा हीच पद्धत असते; खरा वेळ सारणातच जातो. चौघांसाठी आठ-दहा लहान वांगी घ्या. अर्धी वाटी बेसन तेल न घालता मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, त्यात पाव वाटी दाण्याचं कूट, भाजलेले तीळ, गोडा मसाला, तिखट, मीठ, थोडा गूळ. भरताना चिंचेचा कोळ आणि कोथिंबीर घालून ओलसर करा. जाड बुडाच्या कढईत फोडणी करून वांगी लावा, वर ताटलीत पाणी ठेवा आणि अधूनमधून हलक्या हाताने परता. पंधरा-वीस मिनिटांत वाफेवर मऊ होतात, म्हणून जास्त तेल लागतच नाही. जांभळी नाक्यावरून आणताना हिरव्या देठाची, चकचकीत, कोवळीच निवडा. जून वांगी शिजायला वेळ घेतात. एक मात्र सांभाळा: शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं, त्यामुळे कूट सढळ हाताने घातलंत तर फोडणीत वाचवलेलं तेल सारणातून पोटात जाईल.