अद्रेला निघण्याआधी

प्रिय मुली,

चाडच्या पूर्व सीमेवर, अद्रेला, सुदानी निर्वासितांच्या छावणीत तुझी नेमणूक झाली. अभिनंदन फोनवर केलंच, आता कामाचं लिहिते.

सुदानमध्ये 15 एप्रिल 2023 ला युद्ध पेटलं. जूनमध्ये पश्चिम दारफुरमधल्या अल-जिनैना शहरातून मसालीत समाजाची माणसं जीव मुठीत धरून अद्रेकडे निघाली. अंतर जेमतेम तीस किलोमीटर, तरी वाटेवर कितीतरी जण मारले गेले. महिन्याच्या मध्यावर अद्रेच्या रुग्णालयात तीन दिवसांत आठशेहून अधिक जखमी आले. हे वाचून तुला आधी ऑपरेशन थिएटर दिसलं असेल. ते काम मोठंच आहे, आणि ते करायला सर्जन आहेत. तुझ्या वाट्याला येईल ते वेगळं. सीमा ओलांडलेला माणूस गोळीतून वाचतो, पण मग छावणीतलं पाणी, गोवर आणि भूक त्याला गाठतात. यात सर्वांत आधी पाच वर्षांखालची मुलं जातात.

गोमाबद्दल तू वाचलंच पाहिजेस. जुलै 1994 मध्ये रवांडातून आठ-दहा लाख माणसं अवघ्या काही दिवसांत तेव्हाच्या झाईरमध्ये (आजच्या काँगोत), गोमा शहराजवळ येऊन पडली. जमीन लाव्हारसाच्या खडकाची. संडासासाठी खड्डा खणता येईना, मेलेल्याला पुरताही येईना. लोक किवू सरोवराचं पाणी तसंच पीत होते. पटकी, म्हणजे कॉलरा, आली, तिच्या मागोमाग रक्ती हगवण. पहिल्या महिन्यात सुमारे 50,000 माणसं दगावली. मदतसंस्था तिथं पोचल्या होत्या, डॉक्टरही होते. पण नंतर तपासणी झाली तेव्हा दिसलं, की रोग्यांच्या अंगातलं पाणी पुरेशा वेगानं भरून काढलं गेलं नव्हतं, जलसंजीवनी फार कमी वापरली गेली आणि पटकीचे रोगी कधी न हाताळलेली माणसं उपचार करत होती. मला हे वाचताना आजही राग येतो, कारण उपाय तेव्हा तेवीस वर्षं जुना होता आणि तो आपल्याच देशात, निर्वासितांच्याच छावणीत सिद्ध झाला होता.

1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात पटकीचे रोगी जमिनीवर दाटीवाटीनं पडलेले आणि सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बनवून घेतल्या, ते पाणी ड्रममध्ये कालवलं आणि पाजायचं काम रोग्याच्या आईकडे, भावाकडे, नवऱ्याकडे दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. द्रावणाचं श्रेय सगळे देतात. मला मात्र वाटतं, नातेवाइकांवर टाकलेला विश्वास तितकाच मोलाचा होता. तंबूतली प्रत्येक आई तुझी सहकारी आहे असं धरून कामाला लाग. मुलाच्या दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची पट्टी मेळघाटात तू अंगणवाडीताईंना शिकवलीस, तशीच इथं आयांच्या हाती दे. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल रंगात, घेर आला की मूल लगेच उपचाराला आणायचं, हे एका दुपारी शिकून होतं.

रवांडाच्या त्या अनुभवानंतर मदतकार्याचे किमान निकष ठरले. ते पाठ असू दे: माणशी रोज 15 लिटर पाणी, वीस माणसांमागे एक संडास. सुरुवातीला इतकं कुठंच जमत नाही, पण रोजचा आकडा लिहीत जा आणि बैठकीत तोच पुढे ठेव. गोवराची लस साथ येण्याची वाट न पाहता, सहा महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना, पहिल्या काही दिवसांतच. मृत्यूही मोज. दहा हजारांमागे रोज एकाहून जास्त माणूस मरत असेल, तर परिस्थिती हाताबाहेर चालली आहे. दवाखान्याच्या वहीत हे पूर्ण दिसत नाही, कारण बरीच माणसं तंबूतच जातात. कबरी खणणाऱ्याला रोज संध्याकाळी विचार. त्याचा आकडा खरा असतो.

संडास कुठं बांधायचे हे बायकांना विचारल्याशिवाय ठरू देऊ नकोस. आतून कडी हवी, वाटेवर दिवा हवा. अंधारात जायची भीती वाटली की बाई दिवसभर पाणी पिणं टाळते.

बलात्कार झालेल्या बायका तुझ्याकडे येतील, बहुतेक वेळा पोटदुखी सांगत. आडोसा कर, बाईच दुभाषी घे, आणि जे सांगायचं ते तिला तिच्या मनानं सांगू दे. एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, म्हणून ती पहिल्या दिवसापासून कपाटात हवीत. पाहुणा कितीही मोठा असला तरी तिला त्याच्यासमोर कहाणी सांगायला उभी करायची नाही. फोटो नाहीत. यावर कोणाशी भांडावं लागलं तर भांड.

आणखी एक. मदतीचे ट्रक येण्याआधी निर्वासितांना पाणी आणि धान्य अद्रेच्या गावकऱ्यांनी दिलं, आणि ते स्वतः गरीब आहेत. त्यांची आजारी मुलंही तुझ्याच रांगेत घे. विहीर आणि जळण दोघांना एकच आहे, तिथं तंटा उभा राहिला तर निर्वासितांचंच जास्त नुकसान होतं.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिकडे पाऊस असतो, कोरडे ओढे वाहू लागतात आणि ट्रक अडकतात. औषधांची मागणी मे महिन्यातच पाठव. फ्रेंचची उजळणी आजपासून सुरू कर. अरबीतले आकडे, ‘कुठं दुखतं’ आणि ‘पाणी पाज’ एवढं तरी निघण्याआधी तोंडात बसू दे.

तुझी,
ताई