आधी विचारलंस का?

अरे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मेंदूशास्त्रज्ञ लिबेटचा 1983चा प्रयोग वाचून झोप उडाली म्हणे. बोट हलवायचं ठरवलं असं माणसाला वाटायच्या सुमारे 350 मिलिसेकंद आधीच मेंदूत तयारी सुरू झालेली असते. म्हणजे इच्छा हा भ्रम. मग गर्भाचीच जनुकं दुरुस्त केली तर बिघडलं कुठे? एका बोटावरून केवढी उडी मारलीस! 2012मध्ये शुर्गर या मेंदूसंशोधकानं आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या त्याच तयारीच्या आलेखाचा वेगळा अर्थ लावलाय, तोही वाच.

पण चल, इच्छा स्वतंत्र नाही असं धरू. म्हणून दुसऱ्याचं परस्पर ठरवायचा परवाना तुला मिळाला? ज्याच्या रक्ताचा प्रश्न, त्याला आधी विचारायचं.

गडचिरोलीकडे सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या, शिबिरात मी रक्ताच्या नमुन्याची नळी रेघांच्या कागदापुढे धरून बघायचो. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की नमुना पुढच्या तपासणीला. एका मुलीचा रिपोर्ट एएस आला. नुसती वाहक, आजारी नव्हे. मी तो मांडवातच मोठ्यानं वाचला. महिन्याभरात तिचं ठरलेलं लग्न मोडलं. रांगेत दीडशे माणसं होती, वेगळी खोली नव्हती, मी सव्वीस वर्षांचा होतो. सगळं खरं आहे, आणि इतकी वर्षं मी हेच घोकतोय. पण तिला बाजूला घेऊन ‘इथं सांगू का?’ एवढं विचारायला कितीसा वेळ लागला असता?

त्याच आजारावर 2023मध्ये क्रिस्परचा, म्हणजे जनुकं नेमकी कापून बदलायच्या तंत्राचा, उपचार मंजूर झाला. रुग्णाच्याच मूळपेशी काढून त्यांत गर्भातलं हिमोग्लोबिन रोखून धरणाऱ्या बीसीएल11ए जनुकाचा लगाम सैल करतात, की ते पुन्हा बनू लागतं. आधी कडक केमो सोसावी लागते, पण रुग्णाला विचारता येतं आणि बदल त्याच्यापाशीच थांबतो. 2018मध्ये चीनमध्ये ह जियानक्वी या शास्त्रज्ञानं जुळ्या मुलींच्या भ्रूणांतच सीसीआर5 हे जनुक बदललं. सही आईबापांची, शरीरं मुलींची. त्याला तीन वर्षं कैद झाली. मुलींचा बदल त्यांच्या पोराबाळांपर्यंत जाऊ शकतो.

‘जन्माला घालतानाही कुणी विचारत नाही,’ असं तू म्हणणार. माहीत आहे मला. चलाखी नको. विचारता येत नाही तिथं हात जास्त आखडता घ्यायचा, मोकळा सोडायचा नाही. दोघंही एएस असलेल्या जोडप्याला गर्भाची तपासणी आज आहेच.

तुझ्या संमतिपत्राचा मसुदा वाचला. चार पानं, आणि तिथल्या आदिवासींच्या माडिया भाषेत एक ओळ नाही. रविवारी ये, पहिलं पान माझ्यासमोर बसून पुन्हा लिही.