नीटमध्ये मार्क कमी पडले, मुलगी ऑप्टोमेट्री म्हणतेय… घालू का?

नमस्कार दादा, पत्र वाचलं. नीटला मुलीचे मार्क कमी पडले, ती आता ऑप्टोमेट्रीला, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायच्या शिक्षणाला, जायचं म्हणतेय आणि तुमचं म्हणणं, चष्म्याच्या दुकानात बसायला चार वर्षं फी कशाला भरायची. माझं मत विचाराल तर घाला.

तुम्हीच लिहिलंय की वहिनींना हल्ली विडीला दोरा बांधताना नीट दिसत नाही, हजार विड्या व्हायला रात्र होते. अहो चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतंच, बहुतेक वेळा साधा जवळचा चष्मा लागतो, बास. आसामात चहाच्या मळ्यातल्या चाळिशीपुढच्या कामगारांना असा चष्मा देऊन बघितला तर ज्यांना दिला नव्हता त्यांच्यापेक्षा त्यांची पत्ती खुडणी जवळपास 22 टक्क्यांनी जास्त वाढली, 2018 मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. आपल्या सोलापूरच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, अशा किती बायका असतील विचार करा. हा नंबर काढायचं काम ऑप्टोमेट्रिस्टचं, शिवाय मोतीबिंदू, काचबिंदू, शुगरमुळं पडद्यावर झालेला परिणाम असं काही वाटलं की वेळेत डॉक्टरकडं पाठवायचं. ऑपरेशन मात्र करता येत नाही, हे तिला आत्ताच सांगा, नाहीतर डोक्यात डॉ. लहाने असतात आणि मग हिरमोड होतो.

आणि माळशिरस, पंढरपूरकडं ऊस तोडताना पातं डोळ्याला लागलं की माणूस आधी मेडिकलमधून ड्रॉप आणतो, त्यात स्टेरॉईड असलं आणि जखमेत बुरशी असली तर डोळाच जायची वेळ येते. असा पेशंट पहिल्या दिवशीच ओळखणारं कुणीतरी तालुक्याला पाहिजे की नको? त्यात तुमच्या पोरीला घरची तेलुगू येते, पेशंटशी बोलायला याचा फार उपयोग.

पगार सुरुवातीला कमीच, खोटं कशाला बोलू. सरकारी नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याच्या जागा निघतील तेव्हा निघतील, त्या भरवशावर बसू नका. कॉलेज बघताना बिल्डिंग बघू नका, त्यांचं स्वतःचं डोळ्याचं हॉस्पिटल आहे का आणि पोरं रोज पेशंट तपासतात का एवढंच विचारा. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद किंवा मदुराईचं अरविंद ही डोळ्यांची हॉस्पिटलं जमली तर उत्तमच, गरिबांच्या डोळ्यांचं काम तिथं जवळून शिकायला मिळतं. हैदराबाद आपल्याला रेल्वेनं सोयीचं पण आहे.

फी भरायच्या आधी कॉलेजचं नाव मला कळवा, मान्यता बघून सांगतो. आणि वहिनींना या आठवड्यात सिव्हिलला डोळ्यांच्या ओपीडीत घेऊन जा, पोरीलाच सोबत पाठवा, काम कसं चालतं ते पण बघेल.